परकारभाभींचा इस्त्रोगान

परकारभाभी गॅस पेटवण्याआधी शेजारणीच्या दाराची बेल वाजवायच्या. ती शेजारीण म्हणजे मी.

पहिल्यांदा त्यांनी बेल वाजवली तेव्हा आम्हाला सौदीतल्या रहीमा गावात राहायला येऊन तीनच दिवस झाले होते. नाशिकहून आणलेली खोकी अजून फोडायची होती. माझा नवरा मकरंद रास तनुराच्या रिफायनरीत कामावर गेलेला. दार उघडलं तर समोर पन्नाशीच्या आसपासची, ठेंगणी, गोरीपान बाई. घरातल्या गाऊनवर घाईने घेतलेली ओढणी आणि हातात गॅसचा लायटर. नाव नाही, गाव नाही, थेट म्हणाल्या, "तू मराठी ना? खाली हारिस बोलला मना. जरा येतेस काय? आमच्या किचनमधे वास येतोय काय सांग."

हारिस म्हणजे इमारतीचा रखवालदार. मला वाटलं, गॅस गळतोय. मी अनवाणीच धावले. त्यांचं स्वयंपाकघर लख्ख होतं, खिडकी सताड उघडी होती आणि बाहेरून मे महिन्याची झळ आत येत होती. मी दोन-तीनदा श्वास घेतला. फिनेलचा वास होता, बाकी काही नाही.

"नाही येत," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

तेव्हा कुठे त्यांनी शेगडी पेटवली. "मना सर्दी झालीय," त्या म्हणाल्या. "बस, चहा घेऊन जा."

त्यांचं नाव सुरैया परकार. माहेर आणि सासर दोन्ही दाभोळच्या खाडीकाठचं. नवरा, इकबालभाई, क्रेनने अवजड यंत्रं उचलणाऱ्या टोळीचे फोरमन, पंचवीस वर्षं सौदीत. एकुलती मुलगी अर्शिया इंडियन स्कूलमध्ये अकरावीला. ती आईच्या मराठीला हिंदीत आणि वडिलांच्या हिंदीला इंग्रजीत उत्तर द्यायची. त्या घरात माझ्यासाठी पहिल्या दिवसापासून एक वेगळा, निळ्या काठाचा कप होता. तो कधीच कुणी दुसऱ्याने वापरला नाही, आणि भाभींनी त्याबद्दल कधी एक शब्दही काढला नाही. मी शाकाहारी आहे हे त्यांना कुणी सांगितलं, मला ठाऊक नाही.

बेल मात्र वाजत राहिली. आठवड्यातून चार वेळा, कधी पाच. दरवेळी सर्दी. मला त्याची गंमत वाटायला लागली होती. मग एके दिवशी मी रिकामी डबी परत द्यायला गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत पाऊल टाकलं आणि नाकाला जळका वास झोंबला. शेगडीवर दुधाचं पातेलं काळं पडून धुमसत होतं. त्याच्यापासून तीन हातांवर, पाठमोऱ्या बसून भाभी शांतपणे कोथिंबीर निवडत होत्या.

"भाभी, दूध," मी म्हटलं.

त्या दचकून उठल्या, गॅस बंद केला, पातेलं नळाखाली धरलं. पाणी चरचरलं. माझ्याकडे वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा चोरी पकडली गेलेल्या माणसासारखा झाला होता.

"तुम्हाला सर्दी नाही," मी म्हटलं.

"नाय." त्या खुर्चीवर बसल्या. "दोन वर्षां झाली. तो मोठा ताप आला ना सगल्यांना, तवा गेला वास. सगल्यांचा परत आला. माजा नाय आला. खारट कळता, आंबट कळता. पुढचा काय कळत नाय. चिकन काय, पुठ्ठा काय, सारखाच."

"आणि घरात?"

"कोनाला माहीत नाय. तू पन बोलायचा नाय."

मी विचारलं, भाईंना का नाही सांगितलं. त्या उठून जळकं पातेलं घासू लागल्या. मग म्हणाल्या, "माज्या हाताला चव हाय, म्हनून हे मना हितं घेऊन आले. कॅम्पातली पोरां बोलतात, परकारभाभीचा जेवान. शिकलेली मी नाय, अरबी मना येत नाय, गाडी चालवता येत नाय. ह्या एका गोष्टीवर माजा नाव हाय. ती पन गेली असा सांगू?"

मी शपथ घेतली. त्या वेळी ती मला सोपी वाटली.

त्यानंतर मी त्यांना स्वयंपाक करताना पाहायची ती वेगळ्या नजरेने. त्या कानाने स्वयंपाक करत. कांदा टाकला की मान किंचित कलती करून ऐकत. "पानी हाय तवर तो बडबडतो. पानी संपला का कुजबुजतो. तवा मसाला टाकायचा." मीठ चमच्याने मोजून घालायच्या, तिखट वाटीने. भाताला बोट लावून सांगायच्या किती मिनिटं राहिली. आणि वारंवार म्हणायच्या, "तोंड फसवता. हात नाय फसवत." दोन वर्षं त्यांनी हे ओढून नेलं होतं, आणि जेवायला येणाऱ्यांपैकी कुणाच्या तोंडून वावगा शब्द निघाला नव्हता. फक्त दोन गोष्टी हाताने कळत नव्हत्या: गळणारा गॅस आणि नासलेला जिन्नस. त्या दोन गोष्टींसाठी मी होते.

त्यांचा सगळ्यात नावाजलेला पदार्थ इस्त्रोगान. खरा शब्द स्ट्रोगानॉफ, पण त्या घरात हाच चालायचा. भाभींचे वडील मालवाहू जहाजावर भंडारी होते, म्हणजे जहाजाचे मुख्य स्वयंपाकी. गोऱ्या कप्तानांसाठी ते बीफच्या बोटभर पट्ट्या लोण्यात परतून, मशरूम आणि साय घालून एक पांढुरका, दाट रस्सा करायचे. सुट्टीवर दाभोळला आले की तोच घरी करायचे. तिथे मशरूम कुठून मिळणार, तर पावसाळ्यात रानातली अळंबी आणायची. भाभी चुलीपाशी बसून शिकल्या. सौदीत आल्यावर त्यांना सगळं आयतंच मिळालं. मशरूमची निळी खोकी, गिश्ता नावाची डब्यातली घट्ट साय, मोहरीची चटणी आणि पाहिजे तसं कापून मिळणारं बीफ. जहाजावर त्यात काय ओतत ते इथे मिळत नाही आणि त्यांच्या घरात चालतही नाही. त्याऐवजी त्या थोडा व्हिनेगर घालायच्या. इकबालभाईंच्या टोळीतले लोक महिनोन्‌महिने कामगारांच्या कॅम्पमधल्या मेसची तीच डाळ खाऊन कंटाळलेले असत. मोठ्या कामाआधी त्यांना घरी बोलावून इस्त्रोगान खाऊ घालायचा, ही परकारांकडची पद्धत होती.

त्या वर्षी रिफायनरीचा एक भाग महिनाभर बंद ठेवून दुरुस्ती करायची होती. शनिवारपासून टोळी बारा-बारा तासांच्या पाळीत उंच टॉवरवर चढणार होती. शुक्रवारी दुपारी, जुम्म्याच्या नमाजनंतर, चौदा माणसं जेवायला. त्याआधीचे चार दिवस परकार कुटुंब उमऱ्याच्या यात्रेसाठी मक्केला गेलं होतं. गुरुवारी संध्याकाळी ते परतले ते बारा-तेराशे किलोमीटर गाडी चालवून, थकून. सामान जिन्यातून वर चढवताना भाभी म्हणाल्या, "बरा झाला, गोश्त मी आदीच आनून फ्रीजरला टाकला होता. उद्या बाजारात पलायला नको."

शुक्रवारी सकाळी नऊला बेल वाजली.

मी गेले तर ओट्यावर परातभर लाल मांस. रात्रभर खालच्या कप्प्यात ठेवून त्यांनी ते वितळवलं होतं. मी नेहमी दारातच उभी राहायची, त्या दिवशीही राहिले. भाभी परातीकडे बघत होत्या.

"रंग जरा काळपट वाटता," त्या म्हणाल्या. "इकडे ये. जवल येऊन वास घे."

तोवर त्यांनी मला गॅसचा वास विचारला होता, दुधाचा, दह्याचा, एकदा माशांचा. मांसाच्या परातीवर वाकायला कधी सांगितलं नव्हतं. बीफ म्हटल्यावर आमच्या घरात काय बोललं जायचं ते मी लिहीत नाही. भाभींशी मैत्री झाली तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं की असल्या गोष्टी आपल्याला शिवत नाहीत. मी पुढे झाले आणि परातीवर वाकले. मी श्वास रोखला. मनात तीन आकडे मोजले. सरळ झाले.

"ठीक आहे," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि सुरी घेतली. मी घरी आले, हात धुतले. हाताला काहीच लागलं नव्हतं, तरी धुतले.

बारा वाजता त्यांना मदत करायला परत गेले, तेव्हा मोठ्या पातेल्यात सगळं तयार होत आलं होतं. कांदा, मिरी, मोहरी, लोणी यांचा वास घरभर पसरला होता. मशरूम पडले होते. भाभी लाकडी उलथन्याने हलक्या हाताने गिश्ता मिसळत होत्या. शेजारी भाताचं डेगचं वाफाळत होतं. इकबालभाई मशिदीत गेले होते, तिथून ते कंपनीची मिनीबस घेऊन माणसांना आणायला जाणार होते. अर्शिया आतल्या खोलीत झोपली होती.

"शरबतला बर्फ काढ गो," भाभी म्हणाल्या.

मी फ्रीजर उघडला. बर्फाचा ट्रे जरा कलता होता आणि त्यातल्या बहुतेक खाचा रिकाम्या होत्या. त्यातलं पाणी खाली सांडून कप्प्याच्या तळाशी काचेसारखा एक सपाट पापुद्रा गोठला होता. त्या पापुद्र्यात अर्शियाचा आइस्क्रीमचा डबा अडकला होता. मी तो ओढून काढला. झाकण चिकटलं होतं; उघडलं तर आइस्क्रीम निम्म्याहून खाली बसून, कडक, पिवळ्या वडीसारखं झालं होतं.

हे सगळं एकदा पूर्ण वितळून परत गोठलं होतं.

मी डबा होता तिथे ठेवला. "आलेच," म्हणून जिना उतरले. हारिस शफीक खाली सावलीत बसला होता. मी विचारलं, परकारांच्या घरची लाइट गेली होती का.

"हाँ मैडम," तो म्हणाला. "उनके एसी का पानी नीचेवाले के घर में गिर रहा था. मंगल शाम को मैंने मेन बंद किया. बुध दोपहर को मिस्त्री आया, तब चालू किया. क्यों, कुछ खराब हुआ?"

मंगळवार संध्याकाळ ते बुधवार दुपार. बंद घर आणि ऑगस्ट.

जिन्याच्या पहिल्या वळणावर मी थांबले. खोटं कशाला सांगू, तिथे उभं राहून मी हिशोब केला. मांस दोन तास उकळलंय. उकळल्यावर काय उरणार. घरात कुणाला काही माहीत नाही. चौदा भुकेली माणसं निघाली आहेत. मी गप्प बसले तर कदाचित काहीच होणार नाही. आणि बोलले तर मला सकाळचंही बोलावं लागेल. वरून उलथन्याचा, पातेल्यावर टेकवल्याचा आवाज आला. मी वर गेले.

"भाभी, गॅस बंद करा."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि बंद केला. मी फ्रीजर उघडून बर्फ दाखवला, आइस्क्रीम दाखवलं, शफीक काय म्हणाला ते सांगितलं. त्या ऐकत राहिल्या.

"पन सकाळी तू वास घेतलास ना?" त्या म्हणाल्या. "तू बोललीस ठीक हाय."

"नाही घेतला."

"म्हंजे?"

"मी श्वास रोखून धरला होता. मला जवळ जाववेना. मी नुसतंच ठीक आहे म्हटलं."

घड्याळात साडेबारा झाले होते. बाहेर कुणाच्या तरी गाडीचं दार आपटलं आणि आम्ही दोघीही दचकलो. ती दुसरीच गाडी होती. भाभी माझ्याकडे बघत होत्या. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"मग तसा बोलायचास ना गो," त्या हळू म्हणाल्या. "भाभी, मना नाय जमत, बोलायचास. मी अर्शियाला उठवली असती."

अर्शियाला उठवणं म्हणजे दोन वर्षांचं गुपित सांगणं. ते त्यांनी सकाळीच केलं असतं, माझ्या एका शब्दावर. मला मान वर करता येईना.

त्यांनी मला बोल लावण्यात आणखी वेळ घालवला नाही. आत जाऊन अर्शियाला हलवून उठवलं आणि तशीच पातेल्यापाशी आणली. "वास घे. खरा सांग."

अर्शिया डोळे चोळत वाकली. "ठीक तो है." पुन्हा वाकली. "थोडा अजीब है. खट्टा सा. पता नहीं, मम्मी. आप खुद देखो ना."

"मना वास येत नाय."

"मतलब?"

"दोन वर्षां येत नाय. त्या तापापासून."

अर्शिया आईकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आंटी, यू न्यू?" मी मान हलवली. ती ओट्याला टेकून उभी राहिली.

भाभींनी पातेल्याचे दोन्ही कान फडक्याने धरले. मी पुढे होऊन म्हटलं, "भाभी, भाईंना येऊ दे. ते वास घेतील, मग ठरवा."

"कशाला? त्यांच्या डोक्यावर कशाला टाकू?" त्या म्हणाल्या. "उद्या ही मानसां टॉवरवर चढनार. तीनशे फुटांवर पोटात कळ आली तर खाली कोन झेलनार हाय? पता नाय म्हंजे नाय. धर तिकडून."

मी धरलं. तेच भांडं, ज्याच्यापासून मी सकाळी श्वास रोखून उभी होते, दोन्ही हातांनी धरून आम्ही जाड काळ्या पिशव्यांत ओतलं. वाफ तोंडावर आली. त्या वेळी मी खरोखर श्वास घेतला. लोणी, मिरी आणि त्यांच्या खाली काहीतरी आंबूस, बोथट. मला आजही सांगता येणार नाही की तो वास नासल्याचा होता की नुसताच मला अनोळखी. पिशव्यांची तोंडं बांधली. भाभी एवढंच म्हणाल्या, "सहा किलो टाकला. गुन्हेगार मी," आणि हात धुवायला वळल्या.

पाऊण वाजत होता. मी माझ्या घरी धावले. बेसनाचा डबा काढला, कांदे काढले, सगळ्यात मोठी कढई चढवली. पिठलं करायला वेळ लागत नाही, पण चौदा माणसांचं मी कधी केलं नव्हतं. गुठळ्या झाल्या. अर्शिया न सांगता आली, रवी घेऊन मोडायला लागली. तिचे डोळे लाल होते. "आय यूज्ड टु फाइट विथ हर," ती मध्येच म्हणाली. "मैं कहती थी नमक ज़्यादा है. शी नेव्हर सेड एनिथिंग."

जिन्यात बुटांचे आवाज आले तेव्हा भाभी डोक्यावरून ओढणी घट्ट घेऊन दारात उभ्या होत्या. पुढे इकबालभाई, पांढरा झब्बा, चेहरा खुललेला. मागे त्यांची माणसं. कोकणातले, साताऱ्याचे, सोलापूरचे, नमाजहून आलेले आणि तिलक लावलेलेही. आंघोळ करून, इस्त्रीचे शर्ट घालून आलेली.

"सुरैया, वास नाय आला अजून जिन्यात," इकबालभाई हसत म्हणाले.

"जेवान टाकला मी," भाभी म्हणाल्या. आवाज स्पष्ट होता, जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत ऐकू जाईल असा. "आमी नव्हतो तवा लाइट बंद होती. गोश्त खराब झाला होता काय नव्हता, मना कळला नाय. मना वास येत नाय. दोन वर्षां झाली. तुमी सगल्यांनी दोन वर्षां माज्या हातचा खाल्लात, ता मी वास न घेता बनवलेला. आज भात हाय, आनि वैदेहीने पिठला केलाय. माफी मागते."

इकबालभाईंचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं होतं, फक्त डोळे बदलले होते. इतक्या माणसांसमोर, ज्यांच्यावर उद्या हुकूम करायचा त्यांच्यासमोर, त्यांना आपल्या घरातली गोष्ट कळत होती. त्यांचा हात कठड्यावर घट्ट आवळलेला मला दिसत होता. आता हे काय बोलतील, या भीतीने मी कढई तशीच धरून माझ्या दारात थिजले होते.

मागच्या रांगेतून एक पिकल्या मिशांचा माणूस म्हणाला, "पिठल्याबरोबर कांदा हाय का, भाभी? असला तर फोडून द्या. मेसमध्ये मिळत नाही."

"हाय," भाभी म्हणाल्या.

इकबालभाई बाजूला झाले आणि माणसं आत गेली. जमिनीवर जेवणाचा दस्तरखान अंथरला. ते जेवण फार शांतपणे झालं. पिठलं खाली लागलं होतं, पण कढई पुसून संपली. इकबालभाई जेवले, पण त्यांनी एकदाही मान वर केली नाही. माणसांना सोडायला गेले ते अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, अजानीला परतले, आणि पुढचे तीन दिवस घरात कुणाशी बोलले नाहीत.

फ्रीजरमध्ये त्याच मांसाची एक पिशवी उरली होती. दुसऱ्या दिवशी ती फेकायला म्हणून भाभींनी बाहेर काढली आणि विसरल्या. दुपारी ती वितळली तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या चारही घरांची दारं उघडली. मी ओकले. भाभी दारात उभ्या राहून आमची तोंडं बघत होत्या आणि त्यावरून ओळखत होत्या.

चौथ्या दिवशी मी चहाला बसले असताना इकबालभाई कामावरून आले. हेल्मेट टेबलावर ठेवलं. भाभींना नाही, मला म्हणाले, "वैनी, मी रागावलेलो नाय. दोन वर्षां ही माज्या समोर बसून जेवली. चव नसलेला जेवली. मी मिटक्या मारत खाल्ला, आनि मना कळला नाय. पंचवीस टनाचा ओझा किती सेंटिमीटर हलला ता मना खालून कळता." भाभींनी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाल्या, "प्या. थंड होता."

त्या दिवसापासून माझी बेल वाजणं कमी झालं. इकबालभाई घरी असले की स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसत आणि बोलत राहत. "लसून लाल झाला. आता मोहरी आली. मशरूमचा मातीसारखा वास होता, तो गेला." भाभी म्हणायच्या, "एवढा सांगू नका, मना शिकवायला बसलात काय," पण मान कलती करून ऐकायच्या. काम संपल्यावर टोळी पुन्हा जेवायला आली. मांस त्याच सकाळी आणलं होतं. भाभींनी मला बोलावलं नव्हतं. मीच गेले, परातीवर वाकले आणि पूर्ण श्वास घेतला.

"कसा हाय?" त्यांनी विचारलं.

"मला आवडला नाही," मी म्हटलं. "पण खराब नाही. थंड लोखंडासारखा आहे."

"मग ताजा हाय," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच माझ्या पाठीवर हात ठेवला. सकाळच्या त्या खोट्याबद्दल त्या दिवसानंतर त्यांनी कधीही विषय काढला नाही. मी एकदा काढू पाहिला, तर म्हणाल्या, "तू परत जिना चढून आलीस ना. बस झाला."

दीड वर्षाने इकबालभाईंचं कंत्राट संपलं. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, रद्द झाला, देश सोडण्याचा खुरूजचा शिक्का लागला, सामानाची खोकी बांधली गेली. अर्शिया पुण्याला शिकायला गेली आणि ही दोघं दाभोळला. भाभींचा फोन महिन्यातून एकदा यायचा. वास काही परत आला नाही. "खाडीचा पन येत नाय," एवढंच एकदा म्हणाल्या.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. दुपारी झोपल्या त्या उठल्या नाहीत. अर्शियाने कळवलं. मला जाता आलं नाही. चाळीस दिवस झाल्यावर मी इकबालभाईंना फोन केला. माझ्याकडे काही वाक्यं तयार होती. ती मी म्हटली. त्यांनी ऐकून घेतली. मग मी विचारलं, जेवणाचं काय करता.

"मीच बनवतो," ते म्हणाले. "बहीन डबा देते बोलली, मी नको बोललो. बनवता येता मना. दोन वर्षां स्टुलावर बसून सगला बघितलाय ना." मग म्हणाले, "फक्त एक होता, वैनी. कांदा टाकला का मी बोलायला लागतो. लाल झाला गो, आता बस. मोठ्याने बोलतो. मग ध्यानात येता."

मला त्यांच्यामागे चरचर ऐकू येत होती.

"आता चुलीवर आहे का काही?" मी विचारलं.

"हाय."

"मग मला सांगा, भाई. मी ऐकतेय."

पलीकडे उलथनं भांड्याला लागल्याचा आवाज आला.

"कांदा हाय," ते म्हणाले. "पानी सुटलाय. आता जरा गोड वास यायला लागला."